'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' : वॉटरगेटवरच्या चित्रपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७६ सालचा हा चित्रपट आजही नव्याने पाहिला जातो आणि पाहून झाल्यावर लोक साधारण तेच प्रश्न पाठवतात. इतकी नावं कुणाची? पैसा आला कुठून? शेवट असा मध्येच का तुटतो? त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. चित्रपट अजून पाहिला नसेल तर पहिल्या तीन प्रश्नांवर थांबावं, कारण पुढच्या उत्तरांत कथानक उलगडलेलं आहे.

१. चित्रपट थोडक्यात कशाबद्दल आहे?

'वॉशिंग्टन पोस्ट'चे दोन तरुण बातमीदार, बॉब वुडवर्ड (रॉबर्ट रेडफर्ड) आणि कार्ल बर्नस्टीन (डस्टिन हॉफमन), एका घरफोडीच्या बातमीमागे लागतात. ते धागा सोडत नाहीत आणि तो धागा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयापर्यंत जातो. दिग्दर्शक ॲलन जे. पाकुला, पटकथा विल्यम गोल्डमन यांची. आधार या दोन बातमीदारांनीच १९७४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा.

लांबी १३८ मिनिटं. त्यात पाठलाग नाही, खून नाही, प्रेमकथाही नाही. फोन, टाइपरायटर, बंद होणारे दरवाजे आणि "मला काही बोलायचं नाही" म्हणणारी माणसं आहेत. एखादी गोष्ट कळणं आणि ती छापता येणं यांच्यात किती अंतर असतं, हे इतक्या चिकाटीने दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. माझ्या मते त्याचा खरा विषय 'दुजोरा' हाच आहे.

२. वॉटरगेट प्रकरण माहीत नसेल तर चित्रपट कळेल का?

कळेल, पण एवढं हाताशी असू द्या. वॉटरगेट हे वॉशिंग्टनमधल्या एका इमारत-संकुलाचं नाव. तिथे सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचं कार्यालय होतं. १७ जून १९७२ च्या पहाटे तिथे पाच जण पकडले गेले. त्यांच्याकडे चोरून ऐकण्याची उपकरणं आणि शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा होत्या. पाचांपैकी जेम्स मकॉर्ड हा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या पुनर्निवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख निघाला. त्याच नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांना पायउतार व्हावं लागलं. चित्रपटाचा जवळपास सगळा भाग घरफोडी ते जानेवारी १९७३ एवढ्याच काळात घडतो.

३. नावांचा भडिमार होतो. नेमकी कोणती नावं लक्षात ठेवायची?

सगळी ठेवायची गरज नाही. बातमीदारांनाही सुरुवातीला ती कळत नसतात आणि तो गोंधळ चित्रपटाने मुद्दाम ठेवला आहे.

तरीही काही नावं पक्की करा. ह्यू स्लोन हा पुनर्निवडणूक समितीचा खजिनदार, मनाला न पटल्यामुळे राजीनामा दिलेला. मॉरिस स्टॅन्स निधी गोळा करणारा प्रमुख. जॉन मिचेल आधी देशाचा ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचा प्रमुख), मग समितीचा प्रमुख. हॉवर्ड हंट आणि गॉर्डन लिडी हे घरफोडीची आखणी करणारे. एच. आर. हाल्डमन म्हणजे व्हाइट हाउसमधला निक्सन यांचा सर्वांत जवळचा अधिकारी. पोस्टच्या बाजूला मुख्य संपादक बेन ब्रॅडली (जेसन रोबार्ड्स) आणि त्यांच्या हाताखालचे हॉवर्ड सायमन्स व हॅरी रोझेनफेल्ड. एवढ्यांवर काम भागतं.

४. पंचवीस हजारांच्या चेकचा भाग डोक्यावरून गेला. तो पैसा नेमका कसा फिरला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पूर्ण चित्रपट याच खिळ्यावर टांगलेला आहे.

पकडलेल्यांपैकी बर्नार्ड बार्कर हा मायामीचा. त्याच्या तिथल्या बँक खात्यात १९७२ च्या वसंतात पाच चेक जमा झाले होते. चार चेक मेक्सिको सिटीतल्या एका बँकेवरचे, मिळून ८९,००० डॉलरचे. पाचवा २५,००० डॉलरचा, फ्लोरिडातल्या बँकेचा, त्यावर नाव केनेथ डालबर्ग. हा डालबर्ग मिडवेस्ट भागात निक्सन यांच्यासाठी देणग्या गोळा करणारा माणूस. एका उद्योगपतीने दिलेली रोकड त्याने बँकेत भरून तिचा चेक करून घेतला आणि तो मॉरिस स्टॅन्स यांच्या हाती दिला.

आता साखळी बघा. देणगीदाराचा पैसा समितीकडे, समितीकडून बार्करच्या खात्यात, तिथून पुन्हा रोकड होऊन समितीकडे. आणि अशाच रोकडीतल्या नोटा घरफोड्यांच्या खिशात. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या प्रचारासाठी दिलेला पैसा थेट गुन्ह्याशी जोडला गेला. पोस्टने ही बातमी १ ऑगस्ट १९७२ रोजी छापली.

चित्रपटात हे सगळं वुडवर्डच्या एका फोनवर घडतं. कॅमेरा न तोडता हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ सरकत राहतो, सहा मिनिटांच्या आसपास. मागे बाकीचं कार्यालय टीव्हीभोवती जमलेलं आहे आणि पुढे एक माणूस कागदावर नाव गिरवत बसला आहे. डालबर्ग जेव्हा सांगून टाकतो की चेक आपण स्टॅन्स यांना दिला, तेव्हा रेडफर्डच्या चेहऱ्यावर आनंद नसतो, धास्ती असते. समोरचा आता फोन ठेवून देईल का, एवढीच.

५. हे तर राजकारण झालं. यात कंपन्यांचा भ्रष्टाचार कुठे आहे?

चित्रपटात तो पार्श्वभूमीला आहे, प्रत्यक्षात मात्र मुळाशी. कंपन्यांनी संघराज्य पातळीवरच्या निवडणुकीला पैसा देणं अमेरिकेत १९०७ पासूनच बेकायदा होतं. शिवाय ७ एप्रिल १९७२ पासून देणगीदारांची नावं उघड करण्याचा नवा कायदा लागू होणार होता. म्हणून त्या तारखेच्या आत जमेल तितका निनावी पैसा गोळा करण्याची धावपळ झाली.

वर सांगितलेले मेक्सिकोचे ८९,००० डॉलर याच धावपळीतले. ते ह्यूस्टनच्या 'गल्फ रिसोर्सेस अँड केमिकल' या कंपनीच्या पैशातून आले होते. मेक्सिकोतल्या वकिलामार्फत ते फिरवण्याचं कारण सरळ आहे: सीमेपलीकडे जाऊन आलेल्या पैशाचा मालक सापडत नाही.

पुढे तपास सुरू झाल्यावर कंपन्या एकेक करून कबुली देऊ लागल्या. जुलै १९७३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने कंपनीच्या तिजोरीतून ५५,००० डॉलर दिल्याचं मान्य केलं. गल्फ ऑइलचे १,००,००० डॉलर निघाले. हे पैसे हिशेबात दाखवले कसे, असा प्रश्न विचारत शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने वह्या तपासल्या, तेव्हा हिशेबाबाहेर ठेवलेल्या गुप्त निधींतून परदेशातल्या सरकारी अधिकाऱ्यांना लाच दिल्याचंही दिसलं. ४०० हून अधिक कंपन्यांनी मिळून ३० कोटी डॉलरपेक्षा जास्त संशयास्पद रकमा दिल्याचं कबूल केलं. त्यातून डिसेंबर १९७७ मध्ये परदेशी लाचखोरीविरोधी कायदा आला. एका घरफोडीच्या खर्चाचा हिशेब विचारल्यावर उद्योगजगताच्या खोट्या वह्या उघड्या पडाव्यात, हा वॉटरगेटचा सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग आहे आणि तो अधिक सांगितला जायला हवा.

६. "पैशाचा माग काढा" असं डीप थ्रोट खरंच म्हणाला होता का?

नाही. डीप थ्रोट म्हणजे गराजमध्ये वुडवर्डला गुपचूप भेटणारं निनावी सूत्र. हे वाक्य मूळ पुस्तकात नाही, ते चित्रपटातलं आहे.

पण वाक्य रचलेलं असलं तरी ते घटनाक्रमाशी तंतोतंत जुळतं. व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ज्या ध्वनिफितीने निक्सन यांना अखेर पायउतार व्हायला लावलं ती २३ जून १९७२ ची, घरफोडीनंतर सहाव्या दिवसाची. तीत हाल्डमन निक्सन यांना सांगतो की एफबीआय बँकांमार्फत पैशाच्या उगमापर्यंत पोहोचते आहे आणि सीआयएकरवी हा तपास थांबवावा. निक्सन होकार देतात. म्हणजे प्रश्न ४ मधले तेच मेक्सिकोचे चेक. ही फीत ५ ऑगस्ट १९७४ रोजी जाहीर झाली आणि चार दिवसांत सगळं संपलं.

७. डीप थ्रोट कोण होता?

मार्क फेल्ट, त्या वेळी एफबीआयमधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. ३१ मे २००५ रोजी त्याची ओळख जाहीर झाली; वुडवर्डने तोवर ती तीस वर्षांहून अधिक काळ जपली. चित्रपट बनला तेव्हा पाकुला किंवा ही भूमिका करणारे हॅल होलब्रुक यांना ही ओळख माहीत नव्हती. म्हणूनच होलब्रुकने रंगवलेला माणूस चेहऱ्यापेक्षा आवाजाने लक्षात राहतो.

त्याचं महत्त्व मात्र बऱ्याचदा फुगवलं जातं. तो नवी माहिती फारशी देत नाही. वुडवर्डकडे असलेली माहिती बरोबर दिशेची आहे की नाही, एवढंच बहुतेक वेळा सांगतो. खरी माहिती समितीत काम करणाऱ्या कनिष्ठ माणसांकडून आली (प्रश्न ८). त्याच्या हेतूंबद्दल प्रश्न १९ पाहा.

८. हिशेब ठेवणाऱ्या बाईंचा प्रसंग इतका गाजलेला का?

जेन अलेक्झांडर पडद्यावर अगदी थोडा वेळ आहे आणि तेवढ्यावर तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. समितीत हिशेब पाहणारी ही बाई घाबरलेली आहे, तिच्यावर नजर आहे असं तिला वाटतं आणि तिला बोलायचंही आहे. बर्नस्टीन कॉफीच्या निमित्ताने घरात शिरतो आणि उठायचं नावच घेत नाही. ती पूर्ण नावं सांगत नाही, आद्याक्षरं सांगते. तो वही काढायलाही भितो, कारण वही दिसली की ती गप्प होईल.

मोठ्या भ्रष्टाचारात वरची माणसं आदेश देतात, पण नोटा मोजणारी, पावती फाडणारी, यादी टंकित करणारी माणसं खालचीच असतात. त्यांना सगळं दिसतं आणि गमावण्यासारखंही त्यांच्याकडेच जास्त असतं. अलेक्झांडरच्या थरथरत्या आवाजात हे सगळं आहे. मला हा प्रसंग गराजमधल्या सगळ्या भेटींपेक्षा मोलाचा वाटतो.

९. "आणखी एक सूत्र आणा" असं संपादक सतत का म्हणतात?

आरोप गंभीर असेल तर किमान दोन स्वतंत्र सूत्रांचा दुजोरा मिळाल्याशिवाय छापायचं नाही, हा पोस्टने या बातम्यांसाठी पाळलेला नियम. 'स्वतंत्र' हा त्यातला कळीचा शब्द. दोघांनी एकाच तिसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर ती दोन सूत्रं धरत नाहीत. ब्रॅडली बातमीचा कागद हातात घेऊन पेन्सिलने ओळी खोडतो, ते दृश्य पाहताना राग येतो. तो यायलाच हवा. पण त्याच खोडण्यामुळे पुढच्या बातम्या टिकल्या. नियम पाळूनही चूक कशी होते ते पुढच्या उत्तरात.

१०. हाल्डमनची बातमी खरी होती की खोटी? दहा आकडे मोजण्याचा प्रकार काय होता?

बातमीचा गाभा खरा होता, तिचा आधार चुकीचा सांगितला गेला.

समितीच्या गुप्त निधीतून पैसे द्यायला मंजुरी देण्याचा अधिकार पाच जणांना होता. चार नावं मिळाली होती: मिचेल, स्टॅन्स, समितीचा उपप्रमुख जेब मॅग्रुडर आणि निक्सन यांचा खासगी वकील हर्बर्ट कामबाख. पाचवं हाल्डमन असणार, हे जवळपास पक्कं झालं. २५ ऑक्टोबर १९७२ च्या बातमीत पोस्टने लिहिलं की स्लोनने ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) शपथेवर हाल्डमनचं नाव घेतलं. त्याच दिवशी स्लोनच्या वकिलाने याचं खंडन केलं. स्लोनने ग्रँड ज्युरीपुढे ते नाव घेतलंच नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दुजोऱ्यासाठी बर्नस्टीनने न्याय खात्यातल्या एका वकिलाला फोनवर सांगितलं होतं: मी दहापर्यंत मोजतो, बातमीत खोट असेल तर आधीच फोन ठेवा. फोन चालू राहिला. नंतर कळलं की पलीकडच्याने सूचना उलटी समजून घेतली होती. मौनाला होकार धरणं किती धोक्याचं, हे शिकवण्यासाठी पत्रकारितेच्या वर्गात हा प्रसंग एकट्याने पुरेल. व्हाइट हाउसने या एका चुकीचा आधार घेऊन आधीच्या सगळ्या खऱ्या बातम्याही खोट्या ठरवायचा प्रयत्न केला.

११. चित्रपट असा अचानक का संपतो?

गोल्डमन यांनी पुस्तकाचा उत्तरार्ध सोडून दिला आणि बातमीदारांच्या सर्वांत मोठ्या चुकीनंतर थोड्याच वेळात थांबायचं ठरवलं. शेवटच्या दृश्यात टीव्हीवर २० जानेवारी १९७३ चा निक्सन यांचा शपथविधी चालू आहे, तोफांची सलामी होते आहे आणि मागे दोघं टाइप करत बसले आहेत. मग टेलिप्रिंटरवर एकेक मथळा उमटत निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत जातो.

१९७६ च्या प्रेक्षकाला पुढचं सगळं ठाऊक होतं. आजच्या प्रेक्षकाला तसं नसतं, म्हणून त्याला हा शेवट अर्धवट वाटू शकतो. प्रश्न १३ वाचून पुन्हा पाहा.

१२. चित्रपटात काय वगळलं आहे?

दोन गोष्टी खटकाव्यात अशा आहेत. पोस्टच्या मालक-प्रकाशक कॅथरिन ग्रॅहम पडद्यावर नाहीतच. मिचेल फोनवर त्यांच्याबद्दल धमकी देतो, तेवढा उल्लेख येतो. सरकारच्या रोषाचा आर्थिक धोका त्यांनी पत्करला होता, तेव्हा ही उणीव मोठी आहे. दुसरे बॅरी ससमन, शहरातल्या बातम्यांचे संपादक, ज्यांनी या बातम्यांचं रोजचं संपादन केलं. पात्रं कमी करण्यासाठी त्यांना गाळलं गेलं. कथा सुटसुटीत झाली हे खरं, पण त्यांच्यावर अन्याय झाला हेही खरं.

१३. म्हणजे दोन बातमीदारांनीच राष्ट्राध्यक्षांना पाडलं?

नाही, आणि त्या दोघांनीही असा दावा केलेला नाही. न्यायाधीश जॉन सिरिका यांनी आरोपींवर आणलेला दबाव, मकॉर्डने त्यांना लिहिलेलं पत्र, सॅम अर्विन यांची सिनेट समिती, १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफील्ड यांनी व्हाइट हाउसमधल्या गुप्त ध्वनिमुद्रणाबद्दल दिलेली साक्ष, विशेष अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स आणि लिऑन जवोर्स्की, आणि २४ जुलै १९७४ रोजी निक्सन यांनी ध्वनिफिती सोपवाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी दिलेला निकाल, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. एफबीआयकडे तर बरीचशी माहिती पोस्टच्या आधी होती.

पोस्टने केलं ते वेगळं. १९७२ च्या उन्हाळ्यात आणि शरदात, जेव्हा बहुतेक वृत्तपत्रांनी विषय सोडला होता, तेव्हा त्यांनी तो पहिल्या पानावर जिवंत ठेवला. संस्थांनी दखल घ्यावी इतकी माहिती लोकांसमोर साठत गेली.

१४. चित्रपट मुख्यतः बोलण्याचा आहे, तरी इतका ताण कशामुळे येतो?

गॉर्डन विलिस यांच्या छायाचित्रणामुळे. वृत्तपत्राचं कार्यालय ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात न्हालेलं, सावली नावालाही नाही. बाहेरचं वॉशिंग्टन आणि गराज मात्र काळोखात. खास भिंगामुळे जवळचा चेहरा आणि दूरवरची डेस्कं एकाच वेळी स्पष्ट दिसतात. काँग्रेसच्या ग्रंथालयात दोघं चिठ्ठ्यांचे गठ्ठे चाळत बसतात, तेव्हा कॅमेरा घुमटापर्यंत वर जातो आणि ते ठिपक्याएवढे उरतात.

आवाजाकडेही लक्ष द्या. सुरुवातीला कागदावर आदळणाऱ्या टाइपरायटरच्या अक्षरांत बंदुकीचा आवाज मिसळला आहे. डेव्हिड शायर यांचं संगीत बराच वेळ येतच नाही. आणि रेडफर्ड-हॉफमन यांनी एकमेकांचे संवाद पाठ केले होते, म्हणून ते एकमेकांचं वाक्य इतक्या सहज तोडतात.

१५. प्रत्यक्ष घटनेतलं कुणी चित्रपटात आहे का?

आहे. दाराच्या कुलपावरची चिकटपट्टी पाहून पोलिसांना बोलावणारा पहारेकरी फ्रँक विल्स याने स्वतःचीच भूमिका केली आहे.

१६. ऑस्कर किती मिळाले?

चार: रोबार्ड्स यांना सहायक अभिनेत्याचं, गोल्डमन यांना रूपांतरित पटकथेचं, शिवाय कलादिग्दर्शन आणि ध्वनी. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं त्या वर्षी 'रॉकी'ला मिळालं.

१७. मुलांना दाखवण्यासारखा आहे का?

हिंसा नाही, शिव्या आहेत. अमेरिकेत त्या शिव्यांमुळे आधी मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं, अपिलानंतर ते सौम्य झालं. नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना सोबत बसून, मध्ये थांबवून समजावत दाखवला तर त्यांना तो नक्की भिडेल.

१८. बातमीदारांचं वागणं सगळीकडे योग्य होतं का?

चित्रपट त्यांना धुतल्या तांदळासारखं दाखवत नाही. मायामीत बर्नस्टीन खोटा फोन करून अधिकाऱ्याच्या सेक्रेटरीला जागेवरून हलवतो आणि आत घुसतो. समितीतल्या कर्मचाऱ्यांची यादी मिळवण्यासाठी दोघं एका सहकारी मुलीला तिच्या जुन्या मित्राकडे जायला लावतात. तिचा अवघडलेपणा कॅमेरा लपवत नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट पुस्तकात कबूल केलेली आहे: त्यांनी ग्रँड ज्युरीच्या सदस्यांशी संपर्क साधायचा प्रयत्न केला आणि न्यायाधीश सिरिका त्यावर संतापले. ध्येय चांगलं होतं म्हणून हे झाकू नये. त्या मुलीला तिथे पाठवणं मला आजही पटत नाही.

१९. फेल्टला बढती मिळाली नव्हती म्हणे. सूडापोटी दिलेल्या माहितीवर विश्वास कसा ठेवायचा?

मे १९७२ मध्ये एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर वारले, तेव्हा फेल्टला डावलून निक्सन यांनी बाहेरचे पॅट्रिक ग्रे यांना हंगामी प्रमुख नेमलं, हे खरं. त्यापुढची वस्तुस्थिती आणखी अवघड आहे. वेदर अंडरग्राउंड या जहाल डाव्या गटाशी संबंधितांच्या घरांत बेकायदा शिरून झडती घेण्याला मंजुरी दिल्याबद्दल १९८० मध्ये खुद्द फेल्ट दोषी ठरला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

सूत्रं क्वचितच निर्मळ असतात. ज्याला आतलं दिसतं तो आतल्या भांडणांचाही भाग असतो. त्याचा हेतू लक्षात ठेवायचा आणि त्याने सांगितलेलं दुसरीकडून तपासायचं. प्रश्न ९ मधला नियम यासाठीच आहे. डालबर्गच्या चेकवरची रक्कम फेल्टच्या मनात काय होतं त्याने बदलत नाही.

२०. हा आवडला, आता पुढे कोणता पाहावा?

कंपन्यांच्या बाजूने जायचं असेल तर 'द इनसायडर' (१९९९). तंबाखू कंपनीतले शास्त्रज्ञ जेफ्री वायगँड निकोटिनबद्दल बोलायला तयार होतात आणि मुलाखत घेणारी सीबीएस वाहिनीच खटल्याच्या भीतीने कच खाते. इथे ब्रॅडली पाठीशी उभा राहतो, तिथे तो आधारच सुटतो, म्हणून हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत. राजकीय बाजूने जायचं असेल तर कोस्ता-गावरास यांचा 'झी' (१९६९): ग्रीसमधले खासदार लांब्राकिस यांच्या १९६३ मधल्या हत्येवर बेतलेला, तपास करणारा एक दंडाधिकारी आणि एकामागून एक आरोपी होणारे गणवेशधारी अधिकारी. ग्रॅहम यांच्याबद्दल कुतूहल असेल (प्रश्न १२) तर 'द पोस्ट' (२०१७). तो वॉटरगेटच्या घरफोडीवर येऊन थांबतो, म्हणजे तो आधी पाहून मग हा पुन्हा लावता येतो.